छपराखालचा कापूस

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. यात विनंती कमी आणि विशेषच जास्त आहे, तेव्हा चहा घेऊन वाचायला बस.

पोटासाठी मी लोकांच्या घरांत शिरतो आणि त्यांची वीज कुठे वाया जाते, पाणी कुठे गळतं, भिंती उगाच का तापतात ते शोधून त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. परवा एका बाईंनी सहज विचारलं की तुमच्या स्वतःच्या घरी हे सगळं केलंय का. मला खोकला आला. आपल्या घरच्या खिडक्यांच्या फटींतून मांजर जाईल, आणि पाणी तापवायचं ते यंत्र मी शाळेत असल्यापासून गुरगुरतंय.

म्हणून यादी पाठवतोय. खिडक्यांच्या फटी बुजवायच्या. छपरावरचं पाणी पिंपांत धरायचं. ओल्या कचऱ्यासाठी मागे खड्डा. आणि मुख्य म्हणजे छपरावर सूर्यावर चालणारे वीजपट्टे, म्हणजे पाणीही त्याच विजेवर तापेल. बाबा म्हणतील की हे नवीन काय सांगतोस, मी चाळीस वर्षं आंघोळीचं पाणी झाडांना घालतोय. ते खरंच आहे. सुतळीचा तुकडा न टाकणारा माणूस तो. ते कामाला होते त्या पत्र्यांच्या कारखान्यात तडा गेलेले सिमेंटचे पत्रे टाकून द्यायचे, ते एकेक आणून त्यांनी घरावर छप्पर घातलं, आणि ऊन लागू नये म्हणून खाली फळ्यांवर तिथल्याच पोत्यातला तो पांढरा कापूस अंथरला. अख्ख्या गल्लीत आपलंच घर थंड. दुपारी शेजारच्या बायका आईकडे गहू निवडायला घेऊन यायच्या ते काही आईच्या गप्पांसाठी नाही.

फोनवर हे बोलता येत नाही. बाबांना ऐकू येत नाही म्हणून आपण ओरडतो आणि मग गल्लीही मत देते. तेव्हा पत्रच बरं. आईला जाऊन सहा वर्षं झाली, तिच्यामागे घराला कुणी हात लावला नाही. आता लावू.

छकुलीला गोड पापा. लोभ आहेच, यादी पाहून तो कमी करू नकोस.
तुझा,
धाकटा

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक अक्कल येण्यासाठी.

तुझं पत्र बाबांनी नेहमीप्रमाणे पोस्टमनच्या हातून घेतलं, माझ्याआधी दोनदा वाचलं आणि समासात लाल पेन्सिलीने तीन ठिकाणी ‘चूक’ असं लिहून मग माझ्या स्वाधीन केलं. पण नाही नाही म्हणत कामाला तेच लागले. खिडक्यांच्या फटी बुजवून झाल्या. कचऱ्याचा खड्डा त्यांनी दोरी लावून असा काटकोनात खणलाय की त्यात कचरा टाकायला मन धजत नाही. छकुलीने स्वतःची दिवे तपासनीस म्हणून नेमणूक केली आहे. मी आंघोळीला गेले असतानासुद्धा दिवा बंद होतो. ह्यांची बदली झाल्यापासून आम्ही मायलेकी इथेच असल्यामुळे माळ्यावरची खोली तिला दिली आहे, तिथून खाली ओरडून ती हुकूम सोडते.

वीजपट्टेवाला शनिवारी आला. शिडी लावून वर गेला, पत्र्यावर बोटाने टकटक केली आणि भोक पाडायचं यंत्र पिशवीतून न काढताच खाली उतरला. छप्पर किती जुनं आणि फळ्यांवरचं ते कापसासारखं कुठून आलं, एवढंच विचारलं. बाबा बिथरले. हे पत्रे मी माझ्या हातांनी ओतलेत, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता, असं त्याला सुनावलं. त्या बिचाऱ्याने शिडी आवरली. मला मात्र फाटकाशी घेऊन जाऊन म्हणाला की भोक पाडू नका, झाडू नका, आधी तपासून घ्या. त्याने सांगितलं तसा पत्र्याचा एक कोपरा आणि चिमूटभर कापूस ओला करून, दुहेरी पिशवीत घालून तपासणीला पाठवला आहे. उत्तर तुझ्या पत्त्यावर येईल. त्यातलं तुला कळतं, मला नुसती धडधड होते.

बाबांना हे सांगितलेलं नाही. त्यांच्या मते तो मुलगा उंचीला घाबरला.

जपून राहा, वेळेवर जेव. माया आहे तशीच आहे.
तुझी ताई

२१ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

हे मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी नेऊ नकोस.

तपासणीचं उत्तर आलं. पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे. ते मला अपेक्षित होतं. पत्रा न फुटता, न कापता राहिला तर फारसं काही होत नाही. पण तो कापूस म्हणजे निव्वळ ॲस्बेस्टॉसच आहे, पत्र्यात मिसळायचा कच्चा माल. माळ्यावर कुणी चाललं तरी त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, छातीत जातात आणि वीस-तीस वर्षांनी त्याचा आजार होतो. छकुलीला आजपासून खाली झोपव. तिथे झाडू मारू नकोस, तिच्या गादीला हात लावू नकोस. घाबरून उपयोग नाही, ती दोनच महिने तिथे होती, पण आज म्हणजे आजच.

आता दुसरं. हे मी तीनदा लिहून फाडलं.

आईच्या फुप्फुसाभोवती पुन्हापुन्हा पाणी साठायचं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी काय विचारलं होतं, आठवतं? बाई कधी धुळीच्या कारखान्यात काम करत होत्या का. आई नाही म्हणाली. तू म्हणालीस की तिने कारखान्याचं फाटकसुद्धा पाहिलेलं नाही. मीही मान हलवली. बाबा खाटेच्या पायाशी उभे होते. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खोडलं आणि पुढे गेले.

परवा मी ओळखीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना तपासणीचा कागद दाखवला आणि आईचा आजार सांगितला. त्यांनी एकच विचारलं, वडिलांचे कामाचे कपडे घरी कोण धुवायचं. ताई, मी त्यांच्या दवाखान्याबाहेर येऊन फुटपाथवर बसलो. लोक मला वळसा घालून जात होते.

त्यांनी सांगितलं की आपण खरं उत्तर दिलं असतं तरी ती वाचली नसती, आजार कळतो तेव्हा उशीरच झालेला असतो. हे मी तुझ्यासाठी लिहितोय, मला स्वतःला त्याने काही बरं वाटलेलं नाही.

छप्पर उतरवावंच लागेल, कापसासकट, त्या कामाची माणसं बोलावून. बाबा कारण विचारतील. कारण सांगितलं तर त्यांना बाकीचं समजायला क्षणही लागणार नाही. काय करायचं ते तू सांग. लहानपणापासून सांगत आलीस.
धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात शिपायाने तिसऱ्या तासाला आणून दिलं. चौथ्या तासाला मी पाचवीला भागाकार शिकवला, आणि तो बरोबर शिकवला, याचं मला अजून नवल वाटतंय. आता शिक्षकांच्या खोलीत बसून लिहितेय.

मागच्या पायरीवर आई रोज संध्याकाळी बाबांचा सदरा आणि विजार झटकायची. दोनदा झटकायची, मग भिंतीवर आपटायची. घरात धुळीचा कण आलेला तिला खपायचा नाही, म्हणून आधी बाहेर झटकायचं आणि मगच बादलीत. विजारीचं दुसरं टोक धरायला मी असायचे. पीठ चाळल्यासारखं उडायचं, तिच्या केसांवर बसायचं, आणि मी तिला म्हातारी म्हणून चिडवायचे. सव्वीस वर्षं तिने ते केलं. माझी त्यातली नऊ-दहा असतील. मी तपासून घेईन, तू त्याबद्दल काही लिहू नकोस.

छकुलीला खाली आणलं. माळ्यावर उंदीर झालेत, असं सांगितलं. त्यावर बाबांनी दुसऱ्याच दिवशी सापळा आणला आणि मी शाळेत असताना वर जाऊन लावून आले. आता उंदीर सापडत नाही आणि बाबा माझ्याकडे बघत राहतात. मी माळ्याला कुलूप घातलं.

मग रविवारी मी छपराचा विषय काढला. पत्रे जुने झालेत, बदलू या, म्हटलं. एक कारण दे, म्हणाले. मी गळतं म्हटलं तर कुठे ते दाखव म्हणाले, आणि गळत तर कुठेच नाही. शेवटी म्हणाले की माझ्या हयातीत हे छप्पर उतरणार नाही, तुझ्या आईने माझ्या कामाचं कौतुक म्हणून केलं ते या एका छपराचं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

अरे, त्यांना हे कळलं तर ते जगायचे नाहीत. रोज सकाळी तिच्या फोटोची काच स्वतःच्या सदऱ्याने पुसणारा माणूस आहे. आणि छप्पर तर ठेवता येत नाही, छकुली त्याच घरात वाढतेय. माझं डोकं चालत नाही. तू मोजमापाचं काहीतरी लिही, पट्ट्यांचं वजन वगैरे. मोजमापात त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे, माझ्यावर नुसताच लोभ आहे.

पत्र घरच्या पत्त्यावर टाक, आणि हसतमुख लिही.
ताई

६ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची तब्येत उत्तम असेल. खड्डा तुम्ही फार छान खणलाय असं ताईने कळवलं, वाचून आनंद झाला. खिडक्यांबाबतही तुमचंच म्हणणं बरोबर होतं.

छपराचं मी नीट गणित केलं. पत्रे अगदी उत्तम आहेत, तुमच्या कामाला तोड नाही, पण वीजपट्ट्यांचं वजन आणि पत्र्यांचं वजन मिळून खालच्या वाशांना जड होईल. तेव्हा हलकं नवीन छप्पर घातलेलं बरं, असं माझं नम्र मत आहे. माणसं मी ठरवतो. ते दोन दिवस तुम्ही तिघांनी ताईच्या शाळेतल्या बाईंकडे राहावं, म्हणजे तुम्हाला ठोकाठोकीचा त्रास नको. तुमचा निर्णय अर्थातच शेवटचा.

आशीर्वाद असू द्यावेत.
आपला,
धाकटा

१४ एप्रिल

चि. दोघांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एकच पत्र दोन प्रती करून लिहितो आहे. ताईची प्रत तिच्या शाळेत टाकतो, कारण हल्ली तुमची पत्रं तिथेच जातात असं पोस्टमन म्हणाला.

धाकट्या, तुझ्या सहा तारखेच्या पत्राच्या समासात मला लिहायला काही सापडलं नाही. बारा वर्षांचा झाल्यापासून तू माझं एक म्हणणं मान्य केलेलं नाहीस आणि या पत्रात तीन केलीस. शिवाय वजनाचं गणित चुकीचं आहे. पाहिजेत तेवढे पट्टे ठेव, वाशांना काही होत नाही. ते वासे मी निवडलेत आणि त्या पत्र्यांतला एकेक मी खांद्यावर उचलला आहे. तू हिशेबात चुकणारा नाहीस, म्हणजे मुद्दाम चुकलास. तुम्ही दोघं माझ्यापासून काय लपवता आहात ते मला ठाऊक आहे, कारण सहा वर्षं मी तेच तुमच्यापासून लपवतो आहे.

कारखाना बंद होण्याच्या अकरा वर्षं आधी कपडे बदलायच्या खोलीत एक पाटी लागली. आंघोळ इथेच करावी, कामाचे कपडे इथेच ठेवावेत. का, ते लिहिलं नव्हतं, पण ही धूळ चांगली नाही हे आमच्यात बोललं जायचं. शंभर माणसांना आठ नळ होते आणि बस सुटायला दहा मिनिटं. मी बस पकडायचो. तुमच्या आईला पाटीचं सांगितलं तर ती म्हणाली, तिथले धोबी बटणं तोडतात, कपडे घरीच आणा. मी आणले. मला ते सोयीचं होतं. धुळीची भीती असलीच तर ती आम्हा कामगारांना, असं मी धरून चाललो. दरवर्षी छातीचा फोटो काढायचे आणि माझा स्वच्छ यायचा. तिचा कुणी काढला नाही.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग नाही म्हणाली. तिला समजलं होतं, आणि तिच्या पाहण्याने मलाही समजलं. तुम्ही दोघं तिच्या मागोमाग नाही म्हणालात, ते तुम्हाला खरंच वाटलं म्हणून. मी गप्प राहिलो ते ठाऊक असून. तुम्ही औषधं आणायला गेलात तेव्हा मी तिला विचारलं, असं का केलंस. ती म्हणाली, मुलांना पुढे तुमच्याबरोबर राहायचं आहे. मी तिचा शब्द पाळला असं मनाशी म्हणत आलो. खरं तर मला तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं आणि तिने मला पळवाट दिली.

वरच्या कापसाचं मात्र मनात आलं नव्हतं. फळ्यांत बंद आहे म्हणजे संपलं, असं वाटायचं. त्या वीजपट्टेवाल्या पोराने विचारलं तेव्हा आत कुठेतरी हललं, म्हणून तर त्याच्यावर ओरडलो. मग सापळा लावायला वर गेलो. छकुलीच्या उशीवर फळीच्या फटीतून पांढरं गळलेलं होतं. ताई, तिला तू आधीच खाली आणलं होतंस. तरीही रविवारी मी तुझ्याकडे कारण मागितलं. तुला ठाऊक आहे का, हे मला बघायचं होतं. नसेल तर आणखी काही वर्षं निभावतील असा विचार केला. म्हातारपणी माणूस शहाणा होतो म्हणतात, माझं उदाहरण देऊ नका.

छप्पर उतरवा. माझी परवानगी विचारू नका. माझ्यावर रागवायचं असेल तर रागवा, पण मला जपू नका. ते तुमच्या आईने पुरेसं केलं.

ताई, तू तुझी छाती तपासून घे. ती विजार तू धरायचीस, मी खिडकीतून पाहायचो.
बाबा

२२ एप्रिल

बाबा,
नमस्कार.

मी रागावलो आहे. हे तुम्ही लिहायला सांगितलंत म्हणून लिहितो. सहा वर्षांपूर्वीचा त्या खोलीतला मी, मान हलवणारा, त्याच्यावरही रागावलो आहे. आईवर रागवायला गेलो तर रडू येतं.

छप्पर उतरवणारी माणसं दोन मेपासून येतील. मी एक तारखेला सकाळी पोहोचतो. मला स्टेशनवर घ्यायला या, दरवेळी येता तसे. काय बोलायचं ते मला माहीत नाही, पण तुम्ही या.

तुमचा,
धाकटा

१७ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. त्यांतले बरेच या वेळी तुझ्या कष्टांना.

तू गेल्यावर आठ दिवसांत वीजपट्टे बसले. तोच मुलगा आला होता. बाबांनी त्याच्यासाठी शिडी धरली आणि तो उतरल्यावर त्याची माफी मागितली. पाणी छान तापतं. नवं छप्पर जुन्याइतकं थंड नाही असं छकुलीचं म्हणणं आहे, पण मी खिडक्यांवर वेल सोडलेत, पुढच्या वर्षी बघू. माझ्या छातीचा फोटो काढला. आज तरी काही नाही, दरवर्षी काढायचा आहे. हे लपवणार नाही, तूही विचारत राहा.

आता खरी बातमी. तू होतास तेव्हा बाबा कसली तरी यादी करत होते. मला वाटलं सामानाची. ती कारखान्यातल्या त्यांच्या पाळीच्या माणसांची होती. त्यांतल्या ज्यांच्या बायका कपडे घरी धुवायच्या आणि अजून हयात आहेत, त्या चार. गेल्या आठवड्यात ते एकेकीच्या घरी गेले. पहिल्या घरी चहा मिळाला आणि कुणी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या घरच्या मुलाने, तुम्हाला आमच्या घरात कशाला भीती घालायची आहे, असं म्हणत दार लावून घेतलं. तिसऱ्या घरची बाई मुलीकडे राहायला गेली होती, तिचा पत्ता घेऊन आले. चौथं घर उंचकाकूंचं. ताडमाड उंच काका गेले तरी आपल्यासाठी त्या उंचकाकूच, जेमतेम माझ्या खांद्याला लागणाऱ्या.

त्यांना दोन वर्षांपासून दम लागतोय. बाबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पाटीचं, बसचं, आईचं, स्वतःच्या गप्प बसण्याचं. मी बरोबर होते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की सहा वर्षांपूर्वी हे ठाऊक होतं तर तेव्हा का आला नाहीत. बाबा म्हणाले की तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं. मग काकू म्हणाल्या की डॉक्टरांना हे सगळं मला नीट सांगता येणार नाही, तुम्हीच चला.

आज आम्ही तिघं गेलो होतो. त्याच इस्पितळात, पण डॉक्टर नवे, तरुण. रांगेत दोन तास बसलो, बाबा आणि काकू मध्ये एक खुर्ची सोडून. आत गेल्यावर डॉक्टरांनी काकूंना विचारलं की तुम्ही कधी धुळीच्या कारखान्यात काम केलं आहे का. काकू सवयीने नाही म्हणाल्या. तेव्हा बाबा खुर्चीवरून उठले आणि म्हणाले की हो, केलं आहे, यांनी आणि माझ्या बायकोनेही, घरी बसून. दोघींची नावं लिहून घ्या, असं म्हणाले.

डॉक्टरांनी दोन्ही नावं लिहून घेतली.

लोभ आहे, आणि तो आता उघड्यावर आहे. असाच राहू दे.
तुझी ताई